वरच्या फळीवरचे उंदीर

बेंगळुरूहून आले त्या दिवशी शेजारच्या मालतीताईंनी जिन्यातच गाठलं. "काय काय पाहिलंत मग?" मी म्हटलं, "एक फळी पाहिली." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे, त्या हसल्या आणि भाजी आणायला गेल्या.

तिथली हवा, तिथला डोसा आणि तिथली रहदारी यांवर सगळ्यांचं लिहून झालंय. थोडं मीही लिहीन, कारण डोसा खाऊन त्याबद्दल गप्प बसणं मला जमत नाही. पण मी गेले होते ते कामाला, आणि आणलं ते ओझं.

मी साताऱ्याकडच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. एकतीस वर्षं झाली. औषध माणसाला देण्याआधी ते पांढऱ्या उंदरांना देऊन बघायचं, हे आमचं काम. दहाएक वर्षांपूर्वी घाटातल्या एका रानभाजीच्या पाल्याचा अर्क मी उंदरांना दिला होता. अर्क घेतलेल्यांची भूक कमी झाली, वजनं उतरली. त्यावर माझा निबंध छापून आला, सत्कार झाला, शाल मिळाली. भाजीचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या बाजारात जुडी मिळायची नाही. त्या एका निबंधावर मी कॉलेजात ताठ मानेनं वावरत आले, आणि त्याच निबंधाच्या पुढचं काम म्हणून माझी विद्यार्थिनी पल्लवी पीएच.डी. करते आहे. तिचे उंदीर येऊन पिंजऱ्यांत स्थिरावले होते. येत्या सोमवारी सुरुवात ठरली होती.

आणखी एक सांगायला हवं. प्रयोग सुरू करताना अ‍ॅनिमल हाऊसच्या, म्हणजे उंदरांच्या खोलीच्या, दारात नारळ फोडायचा आणि दिवस पंचांगात बघून धरायचा, ही प्रथा आमच्याकडे मीच पाडली. शास्त्र शिकवणारी बाई पंचांग बघते म्हणून लोक हसतात. हसोत बापडे.

प्राण्यांवरचे प्रयोग नीट कसे आखावेत, कमीत कमी प्राण्यांत खरं उत्तर कसं मिळवावं, यावर बेंगळुरूला तीन दिवसांची कार्यशाळा होती. प्राचार्य म्हणाले, "तुम्हीच जा, मॅडम." मी मनात म्हटलं, एकतीस वर्षांनंतर मला कोण शिकवणार? चला, भाचीकडे तरी राहून होईल.

मंगळवार, इंदिरानगर ते बसवनगुडी

भाची सायली आणि तिचा नवरा दोघंही आयटीत. पुण्याहून येऊन चार वर्षं झाली. तिच्या फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाची पाकिटं रचून ठेवलेली. मी म्हटलं, "अगं, पीठ विकत?" ती म्हणाली, "मावशी, इथे सगळेच आणतात. वाटायला टाइम कोणाला आहे?" इडल्या मात्र अशा झाल्या की मी पुढचं बोलणं गिळलं आणि सहावी इडली घेतली.

"मावशी, कॅब कर हं. मेट्रो चेंज करायला तुला कन्फ्यूज होईल." असं कुणी म्हटलं की मी मेट्रोनंच जाते. मॅजेस्टिकला गाडी बदलायची होती. मी ऐटीत बदलली आणि उलट्या दिशेला निघाले. दोन स्टेशनं गेल्यावर शेजारच्या बाईंना विचारलं, बसवनगुडी किती लांब? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे, आणि पुढच्या स्टेशनवर हात धरून उतरवलंच. "स्वल्प उशीर, बस्स," म्हणाल्या. हे त्यांचं "स्वल्प" मला फार आवडलं. तिथं रिक्षावाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांचं सगळं काही स्वल्पच असतं.

संस्था बसवनगुडीतल्या जुन्या झाडांच्या एका गल्लीत होती. वर्गात आम्ही वीसेक जण. शिकवायला डॉ. वीणा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, केसांत मोगऱ्याचा गजरा, पायांत स्पोर्ट्सचे बूट. मी पोचले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न चालू होता. "तुम्ही एका गटात किती प्राणी घेता?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "सहा."

"सहाच का?"

हुबळीचे एक सर म्हणाले, "माझे गाइड सहा घ्यायचे." मी म्हटलं, "सहा लिहिले की परवानगी देणारी कमिटी काही विचारत नाही." वर्ग हसला. वीणाबाई हसल्या नाहीत. मोडक्यातोडक्या हिंदीत, पण एकेक शब्द तोलून त्या म्हणाल्या, "चारांत उत्तर मिळणार असेल तर दोन उगाच मेले. दहा लागणार असतील आणि तुम्ही सहा घेतले, तर सहाच्या सहा उगाच मेले."

आमच्यात मेले म्हणत नाहीत. सॅक्रिफाइस केले म्हणतात. त्या बाई दिवसभरात एकदाही सॅक्रिफाइस म्हणाल्या नाहीत, हे मी वहीत टिपून ठेवलं, थोडं रागानंच.

संध्याकाळी त्यांनी घरचा अभ्यास दिला. स्वतःचा एखादा जुना प्रयोग घ्या आणि पिंजरे कुठं ठेवले होते त्याचा नकाशा काढून आणा. मला हसू आलं. सायलीच्या घरी बसून रंगीत पेन्सिलींनी मी झकास नकाशा काढला. चार फळ्यांची मांडणी. सगळ्यात वर अर्काचा मोठा डोस, त्याखाली लहान डोस, त्याखाली बाजारातलं औषध, आणि तळाला नुसतं पाणी दिलेले. गोंधळ होऊ नये म्हणून मी नेहमी असंच लावते. एक फळी, एक गट. विद्यार्थ्यांनाही तेच शिकवते. पल्लवीलाही तेच शिकवलं होतं.

बुधवार, बसवनगुडी

वीणाबाई बाकांमधून फिरत एकेकाचा नकाशा बघत होत्या. माझ्यापाशी थांबल्या. शाबासकीची वाट बघत मी चष्मा पुसला. त्या म्हणाल्या, "फार स्वच्छ काढलाय. दुपारी आमचं अ‍ॅनिमल हाऊस बघून या, मग बोलू."

अ‍ॅनिमल हाऊस सांभाळणारे परशुरामअण्णा निपाणीचे निघाले. मराठी ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यागत झालं. त्यांनाही झालं असावं, कारण आत शिरायच्या आधी त्यांनी माझी सगळी विचारपूस केली आणि मी कऱ्हाडकडची म्हटल्यावर, "मग शेजारचंच की वो, अक्का!" म्हणाले. पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, डोक्याला टोपी चढवून आम्ही आत गेलो.

आत ते पिंजरे हलवत होते. वरचा काढायचा, खाली ठेवायचा. खालचा उचलायचा, मध्ये सरकवायचा. प्रत्येक पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर नुसता आकडा. कुणाला काय औषध, ते कुठंच लिहिलेलं नाही.

"हे काय करताय अण्णा?"

"दर बुधवारी जागा बदलायची. मॅडमचा नियम हाय. आधी चिठ्ठ्या टाकून ठरवत्यात कुठल्या पिंजऱ्याला काय द्यायचं. आनि कुणाला काय दिलंय ते मलाबी ठाऊक नाही, वजन करणाऱ्यालाबी नाही."

"पण जागा कशाला बदलायची? गोंधळ होतो ना."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई खरंच विचारतेय की परीक्षा घेतेय. मग माझा हात वरच्या फळीवर ठेवायला सांगितला. मग तळाच्या. वर ऊब होती, खाली गार. मग त्यांनी वरच्या ट्यूबलाइटकडे बोट केलं.

"वरच्यांच्या डोळ्यावर दिवा. उंदराला उजेड आवडतोय व्हय? कोपऱ्यात अंग चोरून बसत्यात आनि कमीच खात्यात. तुमी खाल काय, अक्का, डोळ्यावर दिवा घेऊन? एकाच गटाला कायम वर ठेवलं तर तेंचं वजन उतरणारच की."

माझा हात अजून तळाच्या फळीवर होता, तो काढायचं राहून गेलं.

शंकरराव आठवले. आमच्या अ‍ॅनिमल हाऊसचे शंकरराव, त्या वेळी निवृत्तीला आलेले. अर्क सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात ते माझ्या केबिनच्या दारात येऊन म्हणाले होते, "मॅडम, वरच्यांच्या भांड्यात खाद्य उरतंय. अजून औषध दिलं नाही तरीबी उरतंय." आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "शंकरराव, तुम्ही भुसा बदला. शास्त्र मी बघते." माझे शब्द मला जसेच्या तसे आठवले. त्यांचा "बरं" सुद्धा आठवला. ते गेल्यालाही आता तीन वर्षं झाली.

दुपारी तीनच्या सुमारास मी वीणाबाईंसमोर बसले. नकाशा मध्ये. त्यांनी एवढंच विचारलं, "वजन पाल्यानं उतरलं की फळीनं, हे तुमच्या आकड्यांतून वेगळं काढता येईल?"

"नाही," मी म्हटलं.

"कदाचित पाल्यात गुण असेलही."

"असेलही. पण मला माहीत नाही. आणि ज्यांना विचारायचं ते आता नाहीत."

त्या चार फळ्यांवर चोवीस उंदीर होते. त्यातल्या एकाचा कान जरा फाटलेला होता आणि तो दर वेळी वजनकाट्यावरून उडी मारायचा, हे एवढ्या वर्षांनी मला त्या खुर्चीत बसून का आठवावं? वीणाबाई बऱ्या. त्यांनी मला धीरबीर काही दिला नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आता पुढच्याचं बघा. तुमच्या विद्यार्थिनीनं सुरुवात केलीय का?"

"सोमवारी करणार आहे."

"मग वेळ आहे," त्या म्हणाल्या.

वेळ होता. हे मी पुन्हा पुन्हा लिहीन, कारण खरं तेवढंच आहे. बुधवारी दुपारी वेळ होता.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "अक्का, आपल्याकडचं माणूस आलंय, बसवण्णाचं दर्शन न घेता जायचं न्हाई." बसवनगुडीतल्या टेकडीवर एका अखंड दगडातला भला थोरला नंदी आहे. आपल्याकडे नंदी शंकरासमोर बसतो, आपण त्याच्या शिंगांमधून पिंड बघतो आणि पुढं जातो. इथं देऊळच नंदीचं. अंगाला लोणी-तेल लावून काळाभोर केलेला, गळ्यात झेंडूच्या माळा. अण्णांनी गोष्ट सांगितली. या भागात पूर्वी भुईमुगाची शेतं होती. एक बैल येऊन पिकाची नासाडी करायचा, म्हणून लोकांनी त्याला मारलं, आणि त्याचाच हा दगड झाला. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या शेंगा आधी त्याला वाहतात आणि मग आपण खायच्या. कार्तिकात त्याची जत्राच भरते.

"मारलं त्यालाच शेंगा?" मी विचारलं.

"मग? दुसऱ्या कुणाला देणार?" अण्णा म्हणाले.

खाली उतरून एका जुन्या हॉटेलात डोसा खाल्ला. उभ्यानंच, संगमरवरी टेबलाशी, अनोळखी चार माणसांत कोपर सांभाळत. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, लोणी असं ओघळत होतं की मी बोटं चाटली. चटणी पुन्हा मागितली तर वाढणाऱ्यानं न विचारता वाटीभर ओतली. आपल्याकडे दुसऱ्यांदा चटणी मागितली तर मालक वर मान करून बघतो. म्हटलं ना, डोशाबद्दल लिहीन. खाताना दुःखही विसरलं काही वेळ, हेही लिहून टाकते.

आणि तेवढ्यात फोन वाजला. पल्लवी.

मी फोनकडे बघत राहिले. काय सांगायचं हिला? की तुझी पीएच.डी. ज्या निबंधावर उभी आहे तो माझा निबंध एका ट्यूबलाइटनं लिहिलाय? डोसा खात, हॉटेलच्या गोंगाटात, हे सांगायचं? मनात म्हटलं, सोमवारी समोरासमोर सांगू. नीट सांगू. पोरगी हळवी आहे. ही सगळी कारणं मी त्या अर्ध्या मिनिटात शोधली. खरं कारण एकच होतं. मला लाज वाटत होती, आणि ती लाज आणखी चार दिवस एकटीपाशीच ठेवायची होती.

फोन वाजून वाजून थांबला. अण्णांनी विचारलं, "घरचा काय?" मी म्हटलं, "नाही. कॉलेजचा. नंतर करते." आणि कॉफी मागवली.

गुरुवार, देवनहळ्ळी

शेवटचा दिवस देवनहळ्ळीला. विमानतळाच्या बाजूला, किल्ल्याच्या थोडं पुढं, संस्थेची नवी इमारत आहे. बसमधून बघत होते. द्राक्षांचा मांडव, शेजारी प्लॉट पाडलेली लाल माती, मध्येच एक कमान, कमानीवर इंग्रजी नाव आणि आत एकही घर नाही. शेजारी बसलेले हुबळीचे सर म्हणाले, दहा वर्षांपूर्वी इथं सगळी शेती होती. रस्त्यावर पपनसांचे ढीग लागले होते. इथली पपनसं नावाजलेली. मी दोन घेतली, एक सायलीला, एक पल्लवीला.

सकाळचा तास पल्लवीच्याच कामाचा म्हणायला हवा. वीणाबाईंनी प्रत्येकाला पुढच्या प्रयोगाचा आराखडा मांडायला लावला आणि प्रत्येक गटापुढं एकच प्रश्न लिहायला सांगितला: हा गट नसेल तर काय अडेल? मी पल्लवीचा आराखडा मांडला. पहिलीच ओळ, शून्य दिवसाचा गट, सहा उंदीर. म्हणजे सुरुवातीलाच सहा जणांना मारून त्यांची यकृतं आणि रक्त बघून ठेवायचं, पुढं तुलनेला. मी बराच वेळ विचार केला. नुसतं पाणी देणारा गट होताच की. तुलना त्यांच्याशी होणार होती. या सहांवाचून काहीही अडत नव्हतं. ते आराखड्यात होते, कारण माझ्या आराखड्यात होते, आणि माझ्यात होते, कारण माझ्या गाइडच्या आराखड्यात होते.

मी पेन्सिलीनं त्या ओळीवर काट मारली. घड्याळात अकरा वाजले होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सहा तरी वाचवले.

जेवणाच्या सुट्टीत केळीच्या पानावर गरम बिसी बेळे भात, त्यांची डाळ-भाज्यांची खिचडी, वाढला होता. फोन उघडला. पल्लवीनं फोटो पाठवला होता. अ‍ॅनिमल हाऊसचं दार, दारात फोडलेला नारळ, उदबत्ती, आणि पांढऱ्या कोटात हसणारी पल्लवी. खाली लिहिलं होतं, "मॅडम, काल फोन केला होता, तुम्ही कामात असाल. आज गुरुपुष्य होतं, तुम्हीच म्हणता चुकवू नये, म्हणून आजच सुरुवात केली. शून्य दिवसाचे सहा झाले. अर्क ठरल्याप्रमाणे सोमवारपासून. तुमचा आशीर्वाद असू द्या."

पानावरचा भात तसाच टाकून मी बाहेर आले. आता मात्र फोन लावला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! "पल्लवी, थांबव. पुढं काहीही करू नकोस."

"का मॅडम? माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही. आल्यावर सांगते."

"मी शून्य दिवसाचं सगळं नीट केलंय मॅडम, हात अजिबात थरथरला नाही या वेळी."

ती हे अभिमानानं सांगत होती. पहिल्या वर्षी तिचा हात थरथरायचा, तेव्हा मी तिला रागावले होते.

शुक्रवारी सायलीनं मला लालबागेत फिरवलं. काय पाहिलं विचाराल तर सांगता यायचं नाही.

सोमवार, कॉलेजात

सकाळी आधी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेले. पल्लवीनं पिंजरे माझ्या पद्धतीनं लावले होते, स्वच्छ, एका रेषेत, एक फळी एक गट. वरच्या फळीवर हात ठेवला. ऊब होती. इतकी वर्षं रोज या खोलीत येत होते, आणि हात ठेवून बघायला निपाणीच्या माणसानं सांगावं लागलं.

मग केबिनमध्ये पल्लवीला समोर बसवलं आणि नकाशा उलगडून सगळं सांगितलं. फळी, दिवा, शंकरराव, सगळं. माझा निबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलंय, तेही दाखवलं. राहिलेल्या उंदरांना अजून अर्क दिलेला नाही, तेव्हा नव्यानं आखणी करून, चिठ्ठ्या टाकून, आधी पाल्यात काही आहे का तेच बघू, असं म्हटलं. एक वर्ष वाढेल तिचं. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. शांतपणे ऐकत होती, नकाशावर बोट फिरवत.

मग तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. गुरुवारी म्हटलं असतं तर संपलं असतं.

"बुधवारी," मी म्हटलं. "दुपारी तीनला."

"मी संध्याकाळी फोन केला होता. उद्या सुरू करू का, ते विचारायला."

"वाजत होता. मी उचलला नाही."

खिडकीत मी आणलेलं पपनस ठेवलं होतं, त्याकडे तिनं पाहिलं नाही. ती उठली, पर्समधून कागदाची एक छोटी पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "गुरुवारचा प्रसाद," म्हणाली. "तुमच्या वाटणीचा ठेवला होता." आणि खोलीबाहेर गेली.

पुडीत खोबऱ्याचा तुकडा होता. चार दिवसांत कडा पिवळ्या पडून खवट झालेला. मी तो सगळा खाल्ला.